घटक ४ : नीतिकथा आणि अभिजात कथात्म साहित्य – आशयसूत्र व व्यक्तिरेखा यांचे आकलन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
● विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र या तीन संकल्पनांतील फरक स्पष्ट करता येईल.
● नीतिकथेतील पात्र आणि कादंबरीतील व्यक्तिरेखा यांच्या घडणीतील साम्य-भेद सांगता येईल.
● कथेचा शेवट, निवेदक आणि पात्राची निवड यांच्या आधारे आशयसूत्राचा शोध घेता येईल.
● कथात्म साहित्यावरील प्रश्नाचे उत्तर संहितेतील पुराव्यासह लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कथा ऐकून झाली की ‘तात्पर्य काय?’ असे विचारण्याची सवय आपणां सर्वांना शालेय वयापासून लागलेली असते. कोल्ह्याची गोष्ट झाली, तात्पर्य पाठ झाले आणि गोष्ट संपली, असा तो क्रम असतो. पदवीच्या अभ्यासक्रमात मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. तात्पर्य हाती आल्यानंतर ज्या गोष्टी शिल्लक राहतात, त्यांच्यापासून येथे अभ्यासाला सुरुवात होते.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. माणसांचा अनुभव तुमच्याजवळ आहे. एखाद्याचे एक कृत्य पाहून त्याच्या संपूर्ण स्वभावाविषयी निकाल देणे किती धोक्याचे असते, हे तुम्ही जाणता. साहित्यातील व्यक्तिरेखेकडे पाहतानाही हीच सावधगिरी उपयोगी पडते. त्यामुळे या घटकातील विवेचनाचा संबंध केवळ परीक्षेशी नाही, एकूणच न्याय्य वाचनाशी आहे.

प्रस्तुत घटकात आपण तीन कृतींचा विचार करणार आहोत. ‘पंचतंत्रा’च्या पहिल्या तंत्रातील सिंह आणि बैल यांची कथा, लिओ टॉलस्टॉय यांची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही १८८६ मधील कथा आणि हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी. पहिली निखळ नीतिकथेच्या परंपरेतील आहे, दुसरी नीतिकथा आणि आधुनिक कथा यांच्या सीमेवर उभी आहे आणि तिसरी वास्तववादी कादंबरी आहे. या क्रमाने जाताना व्यक्तिरेखा कशी दाट होत जाते आणि आशयसूत्र एका वाक्यात सांगणे कसे अवघड होत जाते, हे आपल्या लक्षात येईल.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र

हे तीन शब्द उत्तरपत्रिकेत पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. त्यांतील भेद प्रथम निश्चित करू.

‘विषय’ म्हणजे कथा कशाबद्दल आहे, याचे एका-दोन शब्दांतील उत्तर. मैत्री, लोभ, वैधव्य हे विषय होत. एकाच विषयावर परस्परविरोधी शेकडो कथा असू शकतात. म्हणून नुसता विषय सांगितल्याने कथेविषयी फारसे काही सांगितले जात नाही.

‘तात्पर्य’ म्हणजे कथेतून काढलेला आचरणाचा उपदेश. ‘चुगलखोरावर विश्वास ठेवू नये’ हे तात्पर्य आहे. त्याचे रूप बहुधा आज्ञार्थी किंवा विध्यर्थी असते. ते कथेतून बाहेर काढून स्वतंत्रपणे वापरता येते.

‘आशयसूत्र’ म्हणजे कथेतील घटना, पात्रे, संवाद आणि शेवट यांना आतून जोडणारा जीवनविषयक विचार. तो उपदेश असेलच असे नाही. कित्येकदा तो एक न सुटलेला प्रश्न असतो. आशयसूत्र पूर्ण वाक्यात सांगावे लागते आणि ते सांगताना कथेकडे बोट दाखवावे लागते. तात्पर्य कथेविना जगू शकते, आशयसूत्र जगू शकत नाही.

४.३.२ नीतिकथा : ‘मित्रभेदा’तील सिंह, बैल आणि दोन कोल्हे

‘पंचतंत्रा’ची चौकट तुम्हांला परिचित असेल. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याच्या तीन अभ्यासविन्मुख पुत्रांना सहा महिन्यांत राजनीतिज्ञ करण्याची जबाबदारी विष्णुशर्मा स्वीकारतो आणि कथांच्या द्वारे ती पार पाडतो. मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक ही ती पाच तंत्रे. म्हणजे हा ग्रंथ मुळात राज्यकारभार शिकणाऱ्यांसाठी असल्याचे तो स्वतःच सांगतो. आज आपण त्याला बालवाङ्मय समजतो, त्यामुळे त्यातील कठोर व्यवहारदृष्टी नजरेआड होते.

पहिल्या तंत्राची मुख्य कथा थोडक्यात अशी : वर्धमान नावाचा व्यापारी मथुरेकडे जात असता त्याचा संजीवक नावाचा बैल यमुनेच्या काठी पाय मोडून पडतो व मागे राहतो. कोवळे गवत खाऊन तो पुन्हा सशक्त होतो आणि डरकाळ्या फोडू लागतो. पाणी पिण्यास आलेला पिंगलक सिंह तो अनोळखी आवाज ऐकून घाबरतो. मंत्रिपुत्र असूनही अधिकार गमावलेले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे हे पाहतात. दमनक सिंहाची भीती ओळखतो, बैलाला अभय देववून दरबारात आणतो आणि दोघांची मैत्री जुळते. पण मैत्री वाढल्यावर सिंह शिकार टाकतो, सेवकवर्ग उपाशी राहतो आणि दमनकाचे महत्त्वही ओसरते. तेव्हा तो सिंहाला सांगतो की बैल राज्य बळकावू पाहतो, आणि बैलाला सांगतो की सिंह त्याला खाऊ पाहतो. दोघे झुंजतात, बैल मरतो. सिंह शोक करतो, दमनक त्याचे सांत्वन करतो आणि मंत्रिपदावर स्थिर होतो.

‘चुगलखोरापासून सावध राहावे’ हे तात्पर्य येथे सहज काढता येते. आता पुढील तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली गोष्ट, कथेचा प्रारंभ आवाजाने होतो. सिंहाने बैलाला पाहिलेले नाही, केवळ त्याची डरकाळी ऐकलेली आहे. दमनक त्याची समजूत घालताना दुंदुभीला घाबरलेल्या कोल्ह्याची उपकथा सांगतो. तेथेही भीती आवाजाचीच, प्रत्यक्षात ती पोकळ वस्तू असते. ऐकलेल्यावरून न पाहता अनुमान करणे हा पिंगलकाचा दोष कथेने आरंभीच दाखवून ठेवलेला आहे. पुढे तोच दोष त्याच्या मित्राच्या जिवावर उठतो.

दुसरी गोष्ट, दमनक दोघांनाही एकमेकांच्या ‘खुणा’ सांगून ठेवतो. समोरचा अमुक पवित्र्यात दिसला तर त्याच्या मनात वैर आहे असे समज, अशी ती शिकवण. मग दोघे भेटतात तेव्हा दोघेही सावध असतात आणि प्रत्येकाचा बचावाचा पवित्रा दुसऱ्याला हल्ल्याचा पुरावा वाटतो. दमनकाला पुरावा निर्माण करावाच लागत नाही. त्याने फक्त पुराव्याचा अर्थ आधी पुरवलेला असतो. ही कथा खोटे बोलण्याबद्दल जितकी आहे, त्याहून अधिक चुकीच्या अर्थनिर्णयाबद्दल आहे.

तिसरी गोष्ट, दमनकाला शिक्षा होत नाही. करटक त्याची कठोर निर्भर्त्सना करतो, परंतु कथेच्या अखेरीस लाभ दमनकाचाच होतो. ‘वाईटाचे फळ वाईट’ हे तात्पर्य या शेवटावर बसत नाही.

या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व ‘पंचतंत्रा’च्या प्रवासावरून चांगले कळते. सहाव्या शतकात इराणच्या खुसरो अनुशिर्वान राजाच्या काळी बुर्झो याने हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्यावरून ‘कलीला व दिम्ना’ हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. शीर्षकातील दोन नावे म्हणजे आपले करटक आणि दमनकच. अरबी ग्रंथात मात्र सिंह-बैलाच्या कथेनंतर एक नवे प्रकरण येते. त्यात दिम्नाची चौकशी होते, तो चतुराईने स्वतःचा बचाव करतो आणि शेवटी दोषी ठरून प्राणास मुकतो. पात्रे तीच, कपट तेच. पण शेवट बदलताच आशयसूत्र बदलले. संस्कृत कथा ‘सत्तेजवळ कपट कसे यशस्वी होते’ हे दाखवून थांबते व राजपुत्राला सावध करते. अरबी कथा ‘कपटाचा निवाडा झाला पाहिजे’ ही न्यायाची मागणी पूर्ण करते. आशयसूत्र शेवटाशी किती घट्ट बांधलेले असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

४.३.३ नीतिकथेतील पात्राची घडण

नीतिकथेत प्राणी पात्रे म्हणून का येतात? सिंह म्हटले की बळ, कोल्हा म्हटले की धूर्तपणा हे वाचकाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे पात्रपरिचयाला शब्द खर्चावे लागत नाहीत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन प्रकार मानले. एका गुणाभोवती रचलेले ते सपाट पात्र. पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकते ते भरीव पात्र. नीतिकथेतील पात्रे बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडतात.

तथापि ‘सपाट’ हा शब्द दोषदर्शक समजू नये. पिंगलक हा केवळ ‘बलवान’ नाही. तो बलवान असून भित्रा आहे, आणि भीती लपवण्याची त्याला गरज वाटते कारण तो राजा आहे. दमनक आणि करटक दोघेही कोल्हेच, पण एक धाडसी आणि महत्त्वाकांक्षी, तर दुसरा सावध आणि नीतीची चाड असलेला. करटक आरंभी खुंटी उपटणाऱ्या वानराची कथा सांगून नसत्या उठाठेवीतून दूर राहण्याचा सल्ला देतो. मात्र कारस्थान चालू असताना तो थांबवतही नाही. दोष दिसतो, बोलून दाखवला जातो, पण रोखला जात नाही. करटकाच्या या वागण्याला तुम्ही विवेक म्हणाल की भित्रेपणा? कथा उत्तर देत नाही. सपाट वाटणाऱ्या पात्रातही असा एक कोपरा शोधता आला, तर विवेचनाला खोली येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१) तात्पर्य आणि आशयसूत्र यांतील मुख्य फरक कोणता?
२) ‘मित्रभेदा’त दमनक दोघांना सांगून ठेवतो त्या ‘खुणां’चे कथेतील कार्य काय?
३) ‘कलीला व दिम्ना’त भर पडलेल्या प्रकरणामुळे आशयसूत्रात काय फरक पडतो?

४.३.४ सीमेवरची कथा : ‘माणसाला किती जमीन लागते?’

टॉलस्टॉय यांच्या या कथेचा सांगाडा नीतिकथेचा आहे. पाहोम नावाचा रशियन शेतकरी ‘भरपूर जमीन असती तर मी सैतानालाही भ्यालो नसतो’ अशा अर्थाचे मनाशी म्हणतो आणि चुलीमागे बसलेला सैतान ते ऐकतो. पाहोम जमीन घेतो, पुढे अधिक जमिनीसाठी व्होल्गेपलीकडे जातो, तेथूनही बाश्कीर लोकांच्या मुलुखात पोहोचतो. तेथील भाव विलक्षण असतो : एका दिवसाचे एक हजार रुबल. दिवसभरात जेवढ्या जमिनीला फेरी घालाल तेवढी तुमची. मात्र सूर्यास्तापूर्वी निघाल्या जागी परत आले पाहिजे, नाहीतर पैसे बुडाले. पाहोम फार दूर जातो, धापा टाकत धावत परततो आणि पोहोचताच मरून पडतो. त्याला पुरण्यासाठी डोक्यापासून टाचांपर्यंत सुमारे सहा फूट जमीन लागते.

‘अति लोभ करू नये’ हे तात्पर्य सांगून मोकळे होण्याचा मोह येथे प्रबळ असतो. पण पाहोम हा नीतिकथेतला निव्वळ ‘लोभी’ आहे काय, ते तपासू.

कथेच्या आरंभी शेजारच्या जमीनदारणीचा कारभारी पाहोमची जनावरे तिच्या रानात शिरली की त्याला दंड करतो आणि पाहोम त्रासून जातो. पुढे पाहोम स्वतः जमिनीचा मालक होतो. शेजाऱ्यांची गुरे त्याच्या शेतात येऊ लागतात. तो आधी सोडून देतो, मग चिडतो, शेवटी कोर्टात जाऊन त्यांना दंड करवतो. दंडाने गांजलेला माणूस दंड करणारा होतो. तो दुष्ट आहे असे लेखक कोठेही म्हणत नाही. त्याची तक्रार प्रत्येक वेळी रास्तच असते. बदलते ते त्याचे स्थान आणि त्याबरोबर त्याची दृष्टी. बांधावरून होणारे तंटे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

आता फेरीचा प्रसंग पाहा. पाहोम वळण घेण्याच्या बेतात असताना त्याला ओलसर खोलगट जमीन दिसते. येथे जवस चांगले येईल, ही सोडणे बरे नाही, असा विचार करून तो आणखी पुढे जातो. हा विचार एका जाणत्या शेतकऱ्याचा आहे. जमिनीचा कस ओळखण्याचे जे ज्ञान त्याच्या आयुष्यभराचे भांडवल, तेच त्याला घात होईपर्यंत पुढे ढकलते. लोभ त्याच्यात बाहेरून येत नाही, त्याच्या कष्टाळूपणातूनच वाढतो. म्हणून कथेचे आशयसूत्र असे मांडता येईल : सुरक्षिततेची रास्त इच्छा कोठे संपते आणि हाव कोठे सुरू होते, ही सीमा ती ओलांडणाऱ्याला दिसत नाही.

सैतानाचे काय? फेरीच्या आदल्या रात्री पाहोमला स्वप्न पडते. त्यात बाश्कीरांचा मुखिया, जमिनीची बातमी आणणारा व्यापारी आणि त्याआधीचा शेतकरी ही एकाच सैतानाची रूपे असल्याचे दिसते, आणि सैतानापुढे पडलेले प्रेत पाहोमचे स्वतःचेच असते. मग दोष सैतानाचा की पाहोमचा? सैतान संधी समोर ठेवतो, पाऊल मात्र दरवेळी पाहोमच उचलतो. नीतिकथेचा अद्भुत घटक येथे पात्राची जबाबदारी कमी करीत नाही, ती अधिक ठळक करतो. या मुद्द्यावर तुमचे मत वेगळे असू शकते. ते कथेतील प्रसंगांच्या आधारे मांडले म्हणजे झाले.

४.३.५ कादंबरी : ‘पण लक्षात कोण घेतो!’

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूचे बालपण, बालवयातील विवाह, एकत्र कुटुंबातील धाक, पती रघुनाथरावांच्या सहवासात मुंबईस लाभलेले थोडे मोकळे दिवस, पतीचे अकाली निधन आणि त्यानंतर शंकरमामंजींनी तिच्यावर लादलेले केशवपन असा कथानकाचा ओघ आहे.

या कृतीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे निवेदन. यमू स्वतः आपली कहाणी सांगते. ‘मित्रभेदा’त निवेदक सर्वांच्या मनात शिरू शकतो आणि दमनकाचे कपट आपल्याला आधीच कळते. येथे आपल्याला यमूला जे दिसले, कळले व आठवले तेवढेच मिळते. लहान यमूला घरातील मोठ्यांच्या वागण्याचा अर्थ पुरता उमगत नाही, पण वाचकाला उमगतो. पात्राला न कळलेले वाचकाला कळणे, या अंतरातून करुणा निर्माण होते. यमू आपल्या दुःखाचा सिद्धांत मांडीत नाही. घरातील नित्याच्या गोष्टी ती सांगत जाते आणि त्या ‘नित्याच्या’ आहेत हेच वाचकाला असह्य होते.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीची नायिकाही यमुनाच आहे आणि विषयही विधवांची स्थिती हाच आहे. यमुना आणि तिचा पती प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकतात व त्यावर चर्चा करतात. तेथे विचार प्रधान आहे, पात्रे तो वाहून नेतात. आपट्यांच्या कादंबरीत यमू आधी माणूस म्हणून उभी राहते. तिचा अल्लडपणा, तिची जिज्ञासा, पतीकडून वाचायला शिकण्यातला तिचा आनंद आपण जवळून पाहतो. त्यामुळे पुढील आघात ‘विधवा’ नावाच्या एका वर्गावर होत नाही, आपल्या ओळखीच्या एका मुलीवर होतो. विषय एक असूनही व्यक्तिरेखेची घडण निराळी असेल तर आशयाचा परिणाम निराळा होतो, हे यावरून ध्यानात घ्यावे.

कादंबरीत खलनायक आहे काय? शंकरमामंजी क्रूर आहेत, यात शंका नाही. पण ते कपटी माणूस एवढेच मानले, तर ते नसते म्हणजे यमूची सुटका झाली असती असे म्हणावे लागेल. कादंबरी तसे सुचवीत नाही. त्यांचे हात रूढीने बळकट केलेले आहेत आणि घरातील इतरांच्या संमतीने वा मौनाने ते हात चालतात. येथे तुम्हांला करटक आठवावा. फरक इतकाच की करटक निदान बोलला तरी. ‘पण लक्षात कोण घेतो!’ हे शीर्षक या मौनाकडेच बोट दाखवते. वाक्य प्रश्नार्थी आहे, खूण उद्गाराची आहे आणि ते ज्याला उद्देशून आहे तो वाचकही त्या प्रश्नातून सुटत नाही.

कृतीचा काळ लक्षात घेणेही आवश्यक आहे. कादंबरी क्रमशः येत होती त्याच सुमारास, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्यात आले आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. हा संदर्भ यमूच्या कहाणीला उजाळा देतो. परंतु संदर्भाची माहिती म्हणजे कादंबरीचे विवेचन नव्हे. उत्तरपत्रिकेत सामाजिक सुधारणांचा इतिहास चार पाने लिहून यमूविषयी चार ओळी लिहिणे हा नेहमी आढळणारा दोष टाळावा.

४.३.६ वाचनाची पद्धत : पाच प्रश्न

कोणतीही कथात्म कृती वाचताना पुढील प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे प्रसंगांसह टिपावीत.
१) पात्राला काय हवे आहे? ते त्याच्या बोलण्यातून कळते की कृतीतून?
२) निर्णयाच्या क्षणी पात्र काय निवडते आणि काय सोडते? (पाहोमची खोलगट जमीन)
३) कथा कोण सांगते आणि निवेदकाला काय दिसत नाही? (यमूचे बालपण)
४) कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते? (सिंहाचे ऐकीव गोष्टींवर विसंबणे)
५) शेवटी कोणाला काय मिळते आणि तो शेवट बदलला तर काय बिघडते? (दमनकाचे मंत्रिपद)

४.३.७ उत्तरलेखनाचा नमुना

‘अपरीक्षितकारक’ तंत्रातील मुंगसाची कथा तुम्हांला ठाऊक असेल. बाळाजवळ आलेल्या सापाला मुंगूस मारते. त्याचे रक्ताने माखलेले तोंड पाहून आई त्याने बाळालाच मारले असे समजते, पाण्याची घागर त्याच्या अंगावर टाकून त्याचा जीव घेते आणि मग घरात बाळ सुखरूप आढळते. या कथेवरील दोन उत्तरे पाहा.

उत्तर अ : ‘या कथेतून अविचाराने काही करू नये हा बोध मिळतो. आई अविचारी आहे. मुंगूस इमानी आहे. ही कथा आजही मार्गदर्शक आहे.’

उत्तर आ : ‘आईने घाईने निर्णय घेतला, तरी तिच्यासमोर रक्ताची खूण खरीच होती. तिची चूक खूण पाहण्यात नव्हती, तिचा एकच अर्थ धरण्यात होती. मुलाविषयीची माया आणि मुंगसाच्या जातीविषयी तिच्या मनात आधीपासून असलेला संशय यांमुळे तो अर्थ तिला तत्काळ पटला. शिवाय बाळाकडे लक्ष देण्यास सांगितलेला पती भिक्षेसाठी बाहेर गेला होता आणि पुढे ती त्याच्या लोभालाच दोष देते. त्यामुळे कथा अविचाराबरोबरच जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न उभा करते.’

पहिले उत्तर चुकीचे नाही, पण ते कथा न वाचताही लिहिता येते. दुसऱ्या उत्तरातील प्रत्येक विधानाला कथेत आधार आहे. ‘हितोपदेशा’त हीच कथा वेगळ्या रूपात येते. तेथे आई स्नानास गेलेली असते, राजाकडून श्राद्धाचे बोलावणे आल्यामुळे ब्राह्मण बाळाला मुंगसाच्या भरवशावर ठेवून जातो आणि परतल्यावर मुंगसाला तोच मारतो. म्हणजे ज्याने विश्वास टाकला त्यानेच विश्वास मोडला. मारणारा हात बदलला की व्यक्तिरेखा बदलते आणि तिच्याबरोबर आशयाचा रोखही बदलतो. परीक्षेत उत्तर लिहिताना आपण कोणता पाठ गृहीत धरला आहे, ते म्हणून स्पष्ट करावे.

या ठिकाणी एक सूचना करावीशी वाटते. बाजारात मिळणाऱ्या तयार उत्तरांच्या पुस्तकांत व्यक्तिरेखांचे अर्थ आधीच ठरवून दिलेले असतात. ते पाठ करून मग मूळ कृती वाचली, तर तिच्यात तेच दिसू लागते. ‘मित्रभेदा’तील सिंह आणि बैल याच मार्गाने एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. म्हणून आधी कृती, मग स्वतःच्या नोंदी आणि शेवटी समीक्षा, हा क्रम पाळावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१) पाहोम ‘दंड सोसणारा’ ते ‘दंड करणारा’ होतो, या बदलाचे महत्त्व काय?
२) यमूच्या प्रथमपुरुषी निवेदनामुळे कोणता परिणाम साधतो?

४.४ सारांश

विषय एका शब्दात सांगता येतो, तात्पर्य उपदेशरूप असते आणि आशयसूत्र कृतीच्या सर्व घटकांतून घडते. नीतिकथेतील पात्रे मोजक्या गुणांवर उभी असली तरी त्यांतही अंतर्विरोध असतो. ‘मित्रभेदा’चे आशयसूत्र चुकीच्या अर्थनिर्णयात आणि शिक्षेविना राहिलेल्या कपटात आहे. टॉलस्टॉय यांच्या कथेत लोभ हा कष्टाळूपणातूनच वाढताना दिसतो. आपट्यांच्या कादंबरीत एका व्यक्तीचा दुष्टपणा आणि समाजाचे मौन वेगळे काढता येत नाहीत. शेवट, निवेदक आणि पात्राची निवड या तीन वाटांनी आशयसूत्रापर्यंत जाता येते. प्रत्येक विधानाला संहितेचा आधार देणे हे वाचकाचे कर्तव्य आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

आशयसूत्र : कृतीतील सर्व घटकांना जोडणारा जीवनविषयक विचार.
व्यक्तिरेखा : साहित्यकृतीत घडवलेले माणसाचे (किंवा मानवीकृत प्राण्याचे) चित्र.
निवेदक : कथा सांगणारा. तो लेखकाहून वेगळा असू शकतो.
संहिता : अभ्यासासाठी घेतलेली मूळ साहित्यकृती.
पाठ : एकाच कृतीचे उपलब्ध असलेले भिन्न रूप.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) तात्पर्य हा कथेपासून वेगळा काढता येणारा उपदेश असतो. आशयसूत्र कथेच्या घटना, पात्रे व शेवट यांच्याशी निगडित असते. २) खुणांमुळे प्रत्येकाला दुसऱ्याचा बचावात्मक पवित्रा वैराचा पुरावा वाटतो व झुंज होते. ३) कपटाच्या यशाऐवजी कपटाच्या निवाड्यावर भर येतो.

प्रश्न – २ : १) पाहोम जन्मतः दुष्ट नसून मालकीबरोबर त्याची दृष्टी बदलते, हे त्यातून दिसते. २) यमूला पुरते न कळलेले वाचकाला कळते आणि त्या अंतरातून करुणा निर्माण होते.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘करटक हा निर्दोष साक्षीदार नाही.’ या विधानाची ‘मित्रभेदा’च्या आधारे चर्चा करा. (२५० शब्द)
२) पाहोमच्या मृत्यूला सैतान जबाबदार की तो स्वतः? साधार लिहा. (२५० शब्द)
३) ‘यमुनापर्यटन’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबऱ्यांतील व्यक्तिरेखाटनाची तुलना करा. (४०० शब्द)

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक प्राणिकथा ऐका व ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. तीच कथा दुसऱ्या एखाद्या व्यक्तीकडूनही ऐका. दोन्ही पाठांत शेवट, पात्रांचे स्वभाव किंवा दोषाची वाटणी यांत काय फरक आढळतो, त्याची नोंद करा आणि त्यामुळे आशयसूत्र कसे बदलते ते एका पानात लिहा. ही टिपणे पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.